समभुज

रॉडेलने स्टुडिओ आवरला तेव्हा
ही जोडी मला साठ दिनारला दिली.
काळी, जड, कोपरे झिजलेली.
म्हणाला, भाई, हे गाणं ऐकायचे स्पीकर नव्हेत,
तपासायचे आहेत.
घरी नेतोयस, ने.
पण हे कुणाची भीड धरत नाहीत.

गुदैबियात आमची खोली तिसऱ्या मजल्यावर,
खाली केरळी चहावाला, समोर शिंपी.
मी टेपने मोजून मांडली जोडी:
इथून तिथे एक मीटर वीस,
तिथून माझ्या कानापर्यंत एक मीटर वीस.
समभुज त्रिकोण,
नववीनंतर पहिल्यांदाच उपयोगी पडलेला.
स्टँड म्हणून तेलाचे चार रिकामे डबे, आत वाळू.
वाळूला इथे तोटा नाही.
शैलजा म्हणाली, "आणि पाहुण्यांनी बसायचं कुठे?"

पहिला आठवडा नुसता पश्चात्ताप.
आवडती गाणी एकेक उघडी पडली.
एका गायिकेच्या श्वासाला कुणीतरी कात्री लावलेली,
एका सतारीमागे खुर्ची करकरते,
आणि ज्या खर्जावर मी वीस वर्षं मान डोलावली
तो माझ्या जुन्या म्युझिक सिस्टिमचा होता,
गाण्यात नव्हताच.
सपाट आवाज. कुठे साखर नाही.
शिवाय ऐकायचं तर एसी बंद.
ऑगस्टात, बहारीनमध्ये, एसी बंद!
कोपरावरून घाम टपकायला लागतो
तेव्हा कुठे तानपुऱ्याची चौथी तार दिसते.

मग परवा शुक्रवारी ती कॅसेट लावली.
मालवण, ब्याण्णव साल, शाळेचं सभागृह,
नाट्यपदांची स्पर्धा.
गायला मी, तबल्यावर विश्राम कांदळगावकर.
शेवटच्या तानेला सम हुकली.
परीक्षकांनी एकमेकांकडे पाहिलं, बक्षीस गेलं.
विंगेत मी त्याला बोललो,
नको ते बोललो, त्याच्या वडिलांवरूनही.
तो काहीच बोलला नाही.
हातोडी पिशवीत टाकली
आणि रुमालाने पावडर पुसत राहिला, बराच वेळ.
पुढच्या वर्षी मी इकडे.

कॅसेट मोनो.
स्पीकर दोन, पण आवाज येतो मधल्या भिंतीतून,
जिथे काहीच नाही तिथून.
आधी फुसफुस. मग पंखा. कुणाचं तरी मूल.
मग मी:
चढा, हौशी, स्वतःवर खूश.
आणि खाली विश्रामचा ठेका,
ओळंबा सोडावा तसा.
तान लांबली. माझी.
सम आली, वेळेवर आली, उंबऱ्यात उभी राहिली,
मी नव्हतो.
आणि त्याने, हे मी इतक्या वर्षांत ऐकलंच नव्हतं,
डग्ग्यावर एक घुमारा ओढला,
अर्धी मात्रा ताणून धरली,
होडी सुटताना धक्क्यावरून
कुणी दोर धरून ठेवावा तशी.

परत लावली. सात वेळा.
शैलजा दारात येऊन गेली.

आता खरं ते सांगतो.
दरवर्षी स्मेल्टरच्या दवाखान्यात
कानांना हेडफोन लावून
आवाज आला की बटण दाबायला सांगतात.
चार हजार हर्ट्झला माझी रेघ खड्ड्यात जाते,
अठ्ठावीस वर्षांत भट्ट्यांनी खाल्लेली जागा.
म्हणजे स्पीकर कितीही खरे असोत,
त्रिकोणाचा तिसरा कोपरा मी आहे.
ती चूक माझी होती म्हणून ऐकू आली
की इतक्या वर्षांनी मला ती हवी होती म्हणून?
रॉडेलला विचारलं असतं. रॉडेल सेबूला पोचला.

विश्रामचा नंबर त्याच्या पुतण्याने दिला,
वीजबिलाच्या पाठीवर लिहून ठेवलाय.
मालवणात घड्याळ अडीच तास पुढे,
तो लवकर झोपत असेल.
"अरे, ती सम..." इथपर्यंत जुळतं,
पुढचं जुळत नाही.

एसी लावला. खोली पुन्हा गुळगुळीत झाली.
डब्यांवर दोन हिरवे दिवे तेवढे चालू.
फोन करीन तेव्हा त्याला स्पीकरवर टाकणार नाही.
कानालाच लावीन.
उजव्या.
तो अजून थोडा बरा आहे.